जास्तीची खुर्ची

१

लोकांना नीट ऐकू येतं की नाही, हे तपासणं माझं काम. कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक खोली आहे. खोली कसली, मोठं कपाटच. आतून भिंतींना जाड अस्तर, मध्ये एक खुर्ची, एक हेडफोन, एक बटण. समोर काच. काचेच्या अलीकडे मी आणि माझं यंत्र. मी बारीक बारीक आवाज सोडायचे, आतल्याने ऐकू आलं की बटण दाबायचं. चार वर्षं शिकले त्यासाठी. आई मात्र अजून शेजारणींना "ती कानाचं काहीतरी करते" एवढंच सांगते.

ऐकू कमी येणाऱ्यांची एक सवय असते. समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही, की ते हसून मान डोलावतात. मी प्रत्येकाला बजावते, "मान डोलावू नका हो. 'परत सांगा' म्हणा. लाज कसली त्यात?" दिवसातून दहा वेळा तरी म्हणत असेन.

आणि शनिवारी दुपारी मी स्वतः तेच करायचे.

शनिवारी दवाखाना अर्धा दिवस. याचंही ऑफिस अर्धा दिवस. हा म्हणजे माझा नवरा. इमारतींचे नकाशे काढतो. लग्नाला दीड वर्ष झालंय. बसस्टॉपच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक रेस्टॉरंट आहे, तिथे आम्ही दर शनिवारी दोनच्या सुमाराला जेवतो. जेवण चांगलं असतं. सूप गरम, ब्रेड ताजा. त्रास फक्त गाण्यांचा. छताच्या चारही कोपऱ्यांत स्पीकर, आणि ते एवढ्या मोठ्याने, की चमचा बशीवर आपटला तर तो कानाला कळत नाही, हाताला कळतो. मी एकदा मोबाइलवर मोजलं होतं. कारखान्यातल्या माणसांना आम्ही ज्या आवाजात कान झाकायला सांगतो, तेवढा भरला. याला आकडा दाखवला तर म्हणाला, "भागूबाई, आज सुट्टी आहे तुला."

भागूबाई मी. भित्री भागूबाई. मला दचकायला फार काही लागत नाही. दारावरची बेल, मध्येच घरघरायला लागणारा फ्रिज, मागून आलेली सायकल.

घरी हा आताशा फार बोलत नाही. आधी बोलायचा. आता "हो", "नको", "ठेव तिथे". पण त्या गोंगाटात बसला की याचं तोंड उघडायचं. पुढे वाकून, हातवारे करत काय काय सांगायचा. मला त्यातलं अक्षर कळायचं नाही. तरी तो माझ्याशी बोलतोय एवढ्यावरच मी खूश. सारखं "काय? काय?" करून त्याचा मूड कशाला घालवा? मी हसायचे. मान डोलावायचे.

एका शनिवारी त्याने काहीतरी विचारलं. विचारलं हे कळलं, कारण मग तो थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी मान डोलावली. त्याला बहुतेक खरं वाटलं नाही. त्याने परत विचारलं. मी परत मान डोलावली, जरा जास्तच जोरात.

त्याचा चेहरा असा उजळला, की तसा आमच्या लग्नाच्या फोटोतही नाही. टेबलावरून हात लांब करून त्याने माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

घरी चालत येताना विचारणार होते, मघाशी काय म्हणालास? नाही विचारलं. तळहात अजून गरम होता.

२

पुढच्या शनिवारी खिडकीजवळचं आमचं दोघांचं टेबल रिकामं होतं. तरी हा ते सोडून आतल्या गोल टेबलाकडे गेला. तिथे तीन खुर्च्या. त्याने एक खुर्ची मागे ओढली. मला वाटलं माझ्यासाठीच, म्हणून मी पुढे झाले, तर त्याने हाताने मला थांबवलं आणि पलीकडची दाखवली. मग ती ओढलेली खुर्ची त्याने अगदी हळूच टेबलाखाली सरकवली. कुणी बसल्यावर मागून सरकवतात ना, तशी.

वेटर आला. त्याच्या दोन्ही कानांत कापूस होता. त्याने तीन ग्लास ठेवले.

मी भुवया उडवून विचारलं, कोण? हा नुसता हसला. मग जेवण संपेपर्यंत तो डावीकडे, त्या खुर्चीकडे वळून बोलत होता. मध्ये मध्ये थांबत होता. थांबायचा तेव्हा ऐकत असल्यासारखा.

बाहेर रस्त्यावर आलो. माझे कान वाजत होते.

"कोण येणार होतं?"

"येणार होतं म्हणजे?"

"तिसरा ग्लास कुणाचा?"

"असं काय करतेस? मागच्या शनिवारी विचारलं ना तुला. ती आपल्यासोबत बसली तर चालेल का? दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हो म्हणालीस. मला तर वाटलेलं, तू घर डोक्यावर घेशील."

"ती कोण?"

तो थांबला. मी काहीतरी विनोद केल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं. "पुरे हं आता. एवढं मोठं मन कुणाचं नसतं, म्हणाली ती. तुझ्याबद्दल."

तेव्हाच सांगायला हवं होतं, की मला त्या दिवशी काही ऐकूच आलं नव्हतं. एका वाक्याचं काम. पण कानाचं काम करणाऱ्या बाईने हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. "नाही" म्हणायच्या आधी मला जाणून घ्यायचं होतं, ती दिसते कशी.

३

आमच्या दवाखान्यात पुढे बसून पेशंटचे नंबर लावणाऱ्या बाईंना सगळे रेडिओ म्हणतात. त्याही त्या नावाला ओ देतात.

"डोळे का गं सुजलेत?"

"झोप नाही झाली."

"नवरा घोरतो का?"

"नाही हो." मग माझ्याच्याने राहवलं नाही. "रेडिओबाई, एखाद्याचं बाहेर काही असेल तर ते कळतं कसं?"

"सोपं आहे. घरी मुका, बाहेर पोपट." त्या खिदळल्या. मग माझं तोंड बघून खुर्ची जवळ ओढली. "मोबाइल बघितलास?"

बघितला होता. तो आंघोळीला गेला तेव्हा, उभ्या उभ्या. नकाशे, मित्रांचे पाचकळ विनोद आणि माझेच "येताना दूध आण". शर्ट हुंगले. सूपचा वास. खिसे उलटे केले, एक पेन्सिल आणि खोडरबर निघालं. खरीखुरी बाई असती तर बरं झालं असतं, असं मला वाटायला लागलं होतं. तिला काहीतरी पत्ता असता. दारात जाऊन चार शब्द सुनावता आले असते.

हा माझी थट्टा करतोय, असंही एक दिवस मानून बघितलं. पण थट्टा करणारा मध्येच तिरक्या डोळ्याने बघतो, पडली का बायको फशी म्हणून. हा बघायचा नाही. माझ्याकडे बघायचाच नाही.

त्यानंतरच्या शनिवारी त्याने ब्रेडची टोपली तिच्या बाजूला सरकवली. एकदा मान मागे टाकून, डोळे मिटून हसला. त्या हसण्यावर भाळून मी लग्न केलं होतं. किती महिन्यांनी हसला, आणि मला ते फक्त दिसलं. तिला ऐकू आलं असणार.

डोळे भरून आले म्हणून मी दुसरीकडे बघितलं. तेव्हा लक्षात आलं.

प्रत्येक टेबलाला माणसांपेक्षा एक खुर्ची जास्त होती. दोघांच्या टेबलाला तीन. चौघांच्या कुटुंबाला पाच. खांबाजवळ एकटे जेवणारे म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्याकडे दोन. दाराशी लोक जागेसाठी ताटकळत होते. त्यातल्या एक बाई पुढे आल्या आणि म्हाताऱ्यांकडची ती रिकामी खुर्ची उचलायला गेल्या. म्हाताऱ्यांनी झटकन खुर्चीच्या पाठीवर हात टाकला. त्या वयाचा माणूस इतक्या चपळाईने हलतो हे मी पहिल्यांदा बघितलं. वेटरने बाईंना मानेनेच नको म्हटलं.

सगळीकडे तोंडं हलत होती. माणसं खुर्च्यांकडे वळून, वाकून, मन मोकळं करत होती. आणि जवळजवळ प्रत्येक टेबलाशी एक जण कोऱ्या चेहऱ्याने बसलेलं होतं. हसत होतं. मान डोलावत होतं.

४

"गोंगाटात कुणाचं बोलणं ऐकू येऊ शकतं का हो? म्हणजे कुणी बोलत नसताना?" मी डॉक्टरबाईंना आडून विचारलं.

"न यायला काय झालं? पंख्याच्या घरघरीतसुद्धा येतं लोकांना. मेंदूला रिकामी जागा सोसत नाही, तो स्वतःच भरून टाकतो." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठला पेशंट?"

"असंच विचारलं."

मला अर्धा दिवस फार बरं वाटलं. मग दुपारी डबा खाताना घास तिथेच राहिला. त्याच्या मेंदूला जागा भरायचीच होती, तर माझा आवाज का नाही भरला?

बुधवारी मधल्या सुट्टीत मी त्याला दवाखान्यात बोलावलं. म्हटलं, इतक्या आवाजात जेवतोस, एकदा कान बघू. तो लगेच आला, कपाटासारख्या खोलीत बसला, हेडफोन चढवला आणि काचेतून मला सलाम ठोकला. क्षणभर वाटलं, सगळे माझ्याच मनाचे खेळ.

आमच्याकडे एक चाचणी आहे. हेडफोनमध्ये गर्दीचा कालवा सोडायचा, हॉटेलात असतो तसा. त्यावर रेकॉर्ड केलेली एक बाई दर चार सेकंदांनी एकेक शब्द म्हणते. आतल्याने तो परत म्हणायचा. मी हळूहळू कालवा वाढवत नेते. माणूस चुकायला लागतो.

"पाणी," तो म्हणाला. "दार. कागद. टेबल."

कालवा वाढवला. चुकला नाही. आणखी वाढवला. तरी नाही. जिथे तरण्याताठ्या कानांचीही त्रेधा उडते तिथे हा मांडीवर बोटांनी ताल धरून बसला होता.

मग मी शब्द बंद केले. फक्त कालवा ठेवला. अशा वेळी पेशंट गप्प बसतो, नाहीतर "काही येत नाही हो" म्हणतो.

चार सेकंद गेले.

"खिडकी," तो म्हणाला.

मी यादी बघितली. खिडकी त्या यादीत नव्हतीच.

चार सेकंद. "केस."

चार सेकंद. "उशी."

हाताला सवय असते; मी चौकटीत लिहीत गेले. "हळू." "ओठ." "अजून." दुसरी कुणी घाबरली असती. मी, फ्रिजला दचकणारी, तेव्हा घाबरले नाही. मला राग आला. पेन्सिलचं टोक मोडलं. भर दुपारी, माझ्या दवाखान्यात, माझ्या यंत्रावर, माझ्याच नवऱ्याला!

सातवा शब्द त्याने म्हटला नाही. त्याने डावीकडे मान वळवली. तिकडे फक्त अस्तर लावलेली भिंत आहे. माइकमधून मला त्याचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला, हळू, समजूत घालणारा. "आता नको. ती लिहून घेतेय."

मी सगळी बटणं एकदम बंद केली.

तो बाहेर आला, केस सारखे केले. "पास का नापास?"

"पास," मी म्हटलं. खोटं नव्हतं. कान उत्तम होते त्याचे.

तो गेल्यावर मी कागद घेऊन बसले. शेजारी यंत्राने छापलेल्या वेळा होत्या. बरोबर चार सेकंद. प्रत्येक वेळी. मेंदूने जागा भरली असेल, मान्य. पण तपासणीचा नियम एवढ्या शिस्तीने कोण पाळतं? फक्त जिला इथे तपासणी चाललीय हे माहीत आहे, ती.

५

त्या रात्री जेवताना आमच्या घरात फक्त चमच्यांचा आवाज होता.

"घरीच घेऊन ये ना तिला," मी म्हटलं. जेवढं टोचून बोलता येईल तेवढं टोचून.

त्याला ते टोचलंच नाही. त्याने घास गिळला आणि नीट विचार करून उत्तर दिलं. "इथे फार शांत असतं गं. आवाज नसला की तिला बसायला जागा राहत नाही."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी कुठे बसायचं?"

"वेडी आहेस का? तू आहेसच की." आणि त्याने मीठ मागितलं.

मी मीठ दिलं. डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. आवाज नसला की जागा राहत नाही. इतकं सोपं होतं तर. भांडायला नको, रडायला नको. स्पीकर बंद केले की झालं.

६

शनिवारी मी दवाखान्यातलं आवाज मोजायचं यंत्र पर्समध्ये घालून नेलं. हा गोल टेबलाशी बसला, खुर्ची ओढली, सरकवली. मी हात धुवायचं निमित्त करून काउंटरकडे गेले. काउंटरवरच्या काकांच्या कानांतही कापूस होता. मी यंत्र दाखवलं, गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. त्यांनी एका कानातला बोळा काढला.

"कानाच्या दवाखान्यातून आलेय," मी ओरडले. "गाणी एक मिनिट बंद करा. मोजायचंय."

"बंद नाही करत आम्ही. सकाळी लावतो ते शटर ओढल्यावरच बंद."

"एकच मिनिट, काका."

"अहो, बंद केलं की बसलेले उठतात."

"मग उठू देत की."

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "तुमचं कुणी बसलंय का तिकडे?"

"नवरा."

"नवऱ्याचं नाही विचारत."

माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, त्यांनी सुस्कारा सोडल्यासारखे खांदे पाडले. एक बोट वर करून दाखवलं. एक मिनिट. बोळा परत कानात घातला, आणि बटणाकडे हात नेताना स्वतः भिंतीकडे तोंड केलं.

मी घाईने येऊन माझ्या खुर्चीत बसले. मला त्याचा चेहरा बघायचा होता. झोपेतून उठल्यासारखा तो इकडेतिकडे बघेल, आणि त्याला फक्त मी दिसेन.

गाणी थांबली.

एवढी शांतता मी फक्त त्या अस्तराच्या खोलीत ऐकली आहे. तोंडं बोलता बोलता उघडी राहिली. कुणाचा तरी घोट गिळल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरात नळ टपकत होता.

हा अजून डावीकडे कललेलाच होता. मी त्या खुर्चीकडे बघितलं. तिची बैठक लाल रेक्झिनची, मध्ये दबलेली. त्या बैठकीचा खळगा भरत होता. सावकाश, फुस्स असा बारीक हवेचा आवाज करत. जडशी व्यक्ती उठल्यावर स्पंज वर येतो तसा.

मग फरशीवर पाय घासल्याचा आवाज. आमच्या खुर्चीचा. मग खांबाजवळच्या खुर्चीचा. मग पाठीमागे एक, दोन, पुष्कळ. खुर्च्या मागे सरकत होत्या आणि त्यांना कुणी हात लावलेला नव्हता.

याची नजर वर गेली. उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तेवढी वर. तिथून ती हळूहळू सरकायला लागली. टेबलाला वळसा घालून, माझ्या बाजूला, माझ्या मागे. माझ्या डोक्याच्या थोडी वर येऊन थांबली.

"भागूबाई," तो म्हणाला. घरच्या आवाजात, प्रेमाने. "ऊठ ना जरा. तिला बसायचंय."

पलीकडच्या टेबलाशी माझ्याच वयाची एक मुलगी होती. ती मुकाट्याने उठली, बशी हातात घेऊन बाजूला उभी राहिली. तिच्या पलीकडे एका गृहस्थांनी तोंड पुसलं आणि तेही उठले. ठिकठिकाणी कोऱ्या चेहऱ्यांची माणसं उठून उभी राहत होती, आपापल्या जागा मोकळ्या करून देत. कुणीच काही विचारत नव्हतं.

मी दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या.

"अगं, ऊठ."

"नाही," मी म्हटलं. दीड वर्षात त्याला इतकं स्पष्ट मी कधी काही सांगितलं नव्हतं. "ही माझी जागा आहे."

मानेवरचे केस कुणीतरी जवळ आल्यावर हलतात तसे हलले. मग गुडघ्यांवर काहीतरी टेकलं. आधी अंदाज घेतल्यासारखं, अंधारात कुणी पलंगाची कड चाचपतं तसं. मग मांड्यांवर. मग सगळंच. थंड नव्हतं ते. ऊब होती त्याला. माझे पाय खाली फरशीत रुतले, श्वास अर्ध्यावर अडकला. दार आठ पावलांवर होतं. खुर्ची मागे ढकलून पळायची ताकद माझ्यात तेव्हा होती, हे मला पक्कं माहीत आहे.

काकांनी बटण दाबलं. चारही कोपऱ्यांतून गाणं अंगावर कोसळलं.

आणि हा माझ्याकडे बघायला लागला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सरळ, समोरून. तोच उजळलेला चेहरा. ओठ हलत होते, हात हलत होते. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांपासून जेमतेम चार बोटं अलीकडे कुठेतरी स्थिर झाले होते.

ते वजन मागे रेललं आणि माझ्या छातीला टेकलं. समोरचं मला धूसर दिसायला लागलं.

मी उठले नाही. त्याची नजर सुटू नये म्हणून मान तेवढी थोडी वर केली.